कपाशीवरील गुलाबी बोंडअळी: बोंड फोडल्याशिवाय ओळख पटत नाही

"बोंडं तर चांगली दिसत होती, वेचणीला गेलो तेव्हा कळलं." गुलाबी बोंडअळीबद्दल शेतकरी बांधवांकडून हेच वाक्य सर्वांत जास्त ऐकू येते. अंड्यातून निघालेली बारीक अळी पाती, फूल किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि बोंडावरचे तिचे छिद्र थोड्याच दिवसांत बुजते. त्यामुळे बाहेरून बोंड निरोगी दिसते. अमेरिकन बोंडअळी अर्धे शरीर बाहेर ठेवून खाते, छिद्र मोठे असते व त्याभोवती विष्ठा दिसते. ठिपक्यांची बोंडअळी सुरुवातीला शेंडे पोखरते व ते वाळतात. गुलाबी अळी असा कोणताच पुरावा बाहेर ठेवत नाही.

पहिली खूण फुलात सापडते. पाकळ्या पूर्ण न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मुरडून मिटलेल्या राहतात, हीच डोमकळी. ती उलगडून पहा, आत अळी असते. लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग वाढ झाल्यावर येतो. म्हणून "गुलाबी नाही, म्हणजे ती नाही" असे समजू नका. डोके मात्र दोन्ही वेळी गडद असते. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करा, शेतात टाकू नका.

बोंडे लागल्यावर दर आठवड्याला शेतात तिरपे चालत वेगवेगळ्या झाडांवरून 20 हिरवी, मध्यम वयाची बोंडे तोडा आणि तिथेच फोडून पहा. आतल्या सालीवर फोडासारखी गाठ, कप्प्यांमधील पडद्याला छिद्र, डागाळलेली रुई, पोखरलेली सरकी ही लक्षणे शोधा. 20 पैकी 2 बोंडांत जिवंत अळी आढळली तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे धरा. वीस बोंडे गेली म्हणून जीव हळहळतो खरा, पण न पाहता केलेली फवारणी त्याहून महाग पडते.

जोडीला हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा. सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात 8 किंवा अधिक नर पतंग आले तर उपाययोजना करण्याची वेळ झाली. सापळ्यात गुलाबी बोंडअळीचीच कामगंध वडी आहे ना, हे पाकिटावर वाचून घ्या. दुसऱ्या अळीची वडी लावून "पतंगच नाहीत" म्हणणारे मी पाहिले आहेत.

बियाणे बीटी आहे म्हणून पाहणी टाळू नका. दोन जनुकांचे बीटी वाण 2006 पासून आले, पण या अळीत त्या दोन्ही प्रथिनांना प्रतिकारशक्ती तयार झाली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले.

हंगामाच्या शेवटी बोंड अर्धवट उमलते, रुई पिवळट निघते, कवडी वाढते. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर त्यात सुप्तावस्थेतील अळी असू शकते. अशी बोंडे पऱ्हाटीवर ठेवून फरदड घेतली, की पुढच्या हंगामातले पतंग आपल्याच शेतातून निघतात. डिसेंबरअखेर पीक काढा आणि पऱ्हाटीचे ढीग बांधावर ठेवू नका.