बखर, पत्र आणि विद्यार्थ्याची लेखणी

अर्वाचीन जगाचा इतिहास आपल्या शाळांतून शिकविला जातो तो बहुधा परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात. क्रमिक पुस्तकाची शेवटची प्रकरणे ती. पहिल्या महायुद्धाची चार कारणे, व्हर्सायच्या तहाची कलमे, राष्ट्रसंघाच्या अपयशाची पुन्हा चार कारणे. विद्यार्थी ती पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेवर उतरवून मोकळा होतो. त्याच दिवशी सकाळी वर्तमानपत्रात, किंवा हल्ली हातातल्या फोनवर, कोठल्याशा शहरावर बाँब पडल्याची बातमी त्याने वाचलेली असते. त्या बातमीचा आणि या चार कारणांचा काही संबंध असेल असे त्याच्या मनातही येत नाही. हा संबंध जुळावा कसा? आमचे उत्तर असे की, विद्यार्थ्यास चालू काळाविषयी लिहावयास लावावे, आणि ते लिखाण परीक्षकाखेरीज दुसऱ्या कोणी तरी वाचावे.

यात नवे काही नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हाच बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद त्यांनी महाराष्ट्राला ठणकावून सांगितला होता. बखरकार लिहितो तो सर्व होऊन गेल्यावर. पानिपतावर घात झाला हे त्यास ठाऊक असते, त्यामुळे मोहिमेच्या पहिल्या मुक्कामापासूनच त्यास अपशकुन दिसू लागतात. छावणीतून पत्र धाडणाऱ्यास मात्र उद्याची वार्ता नसते. पैका कोठून येईल, दाणावैरण किती दिवस पुरेल, ही त्याची विवंचना. आमची क्रमिक पुस्तके शिक्षणखात्याचा शिक्का घेऊन आली तरी जातीने बखरीच होत. त्यांतील १९१४ चा माणूस जणू १९१८ कडे तोंड करूनच चालत असतो. उलट, तारीख घालून आजची हकीकत लिहिणारा विद्यार्थी पत्रलेखकाच्या जागी बसतो. पुढचे ठाऊक नसताना माणसे निर्णय कसे घेतात हे त्यास स्वतःच्या अनुभवाने कळू लागते. इतिहासाची दृष्टी म्हणतात ती याहून फारशी निराळी नव्हे.

हा प्रयोग ज्याने नेटाने केला तो सेलेस्तँ फ्रेने हा फ्रान्समधील खेड्यातला एक प्राथमिक शिक्षक. जन्म १८९६ चा. महायुद्धात १९१७ साली त्याच्या फुप्फुसाला जबर जखम झाली. फार वेळ बोलणे त्यास झेपेना, आणि शिक्षकाचा तर सारा व्यवहार बोलण्याचा! १९२० साली तो दक्षिणेकडील बार-सुर-लू या डोंगरी गावी रुजू झाला, आणि १९२४ च्या सुमारास त्याने वर्गात एक लहानसे हातछपाईचे यंत्र आणले. मुलांनी आपल्या मनाने मजकूर लिहावा, वर्गाने त्यांतील एक निवडावा, फळ्यावर सर्वांनी मिळून तो दुरुस्त करावा आणि मग मुलांनीच खिळे जुळवून तो छापावा, असा क्रम सुरू झाला. खिळा जुळविताना प्रत्येक अक्षर बोटांखालून जाते. ‘पुष्कळ’, ‘भयंकर’ असे शब्द जुळविण्याचा मुलांना आपोआपच कंटाळा येत असावा, असे आम्हांस वाटते.

परंतु यंत्राहून महत्त्वाची गोष्ट होती वाचकाची. ब्रिटनीच्या समुद्रकाठी त्रेगँ येथे रने दानिएल नावाचा शिक्षक असेच करीत होता. दोन्ही शाळांची छापील पाने टपालाने एकमेकींकडे जाऊ लागली. ऑलिव्ह आणि संत्र्याच्या फुलांच्या गावातील मुलांना कोळ्यांच्या गावातील मुले वाचक म्हणून लाभली. आपल्या गावात जे सर्वांस ठाऊक ते तिकडे कोणासच ठाऊक नाही, हे लक्षात येताच लिहिणाऱ्यास माप, भाव, तारीख सांगणे भाग पडते. मास्तरांनी शंभरदा सांगून जे होत नाही ते दूरच्या एका अनोळखी पोराच्या प्रश्नाने होते.

आता आक्षेप येतो की, चालू घडामोडी वर्गात आणल्या म्हणजे पाठोपाठ राजकारण येते. येते, हे आम्ही नाकारीत नाही. फ्रेने पुढे सँ-पॉल या गावी गेला. तेथे १९३२ च्या अखेरीस एका मुलाने लिहिलेल्या स्वप्नाचा मजकूर, ज्यात शाळेला साहित्य न देणाऱ्या नगराध्यक्षाविरुद्ध वर्ग बंड करतो व त्याचा वध होतो, विरोधकांनी भित्तिपत्रकांवर छापून गावभर चिकटविला. पॅरिसची उजवी वृत्तपत्रे तुटून पडली, आणि १९३३ मध्ये फ्रेनेला ती शाळा सोडावी लागली. त्याने वाँस येथे स्वतःची शाळा काढली. १९३७ पासून स्पेनच्या यादवीतून निसटलेली निर्वासित मुले तेथे येऊ लागली, तेव्हा ‘स्पेनमधील परिस्थिती’ हा विषय शिकविण्याचे कारणच उरले नाही. ती परिस्थिती शेजारच्या बाकावर येऊन बसली होती. १९४० साली फ्रेने स्थानबद्ध झाला.

राजकारणाला उतारा मौन हा नव्हे. ‘हे तू पाहिलेस की ऐकलेस? कोणाकडून? केव्हा?’ एवढे तीन प्रश्न शिक्षकाने न चुकता विचारले म्हणजे पुष्कळ विष उतरते. मोठ्यांच्या वृत्तपत्रांसही ते विचारावयास हरकत नाही.

आमच्याकडे ही परंपरा अगदीच नव्हती असे नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात असताना साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत, आणि १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. त्या दैनिकातून देशाची वार्ता मुलांपर्यंत जाई. मात्र लेखणी मुख्यतः गुरुजींची, मुले वाचक. शाळांच्या वार्षिक अंकांविषयी काय बोलावे! ज्या गावची नदी माघातच आटते तेथील मुलगा त्यांत ‘चांदण्या रात्रीतील नौकाविहार’ लिहितो, आणि त्याच वर्षी गावात टँकर किती आले हे अंकात शोधून सापडत नाही.

मुलांच्याच हाती लेखणी दिल्यास ते काय करू शकतात याचे उदाहरण पाहावयाचे तर वॉर्साकडे वळावे लागते. ज्यू अनाथाश्रमाचा चालक, डॉक्टर आणि लेखक यानुश कोर्चाक याने ऑक्टोबर १९२६ मध्ये एका पोलिश भाषेतील ज्यू दैनिकाची पुरवणी म्हणून ‘छोटा आढावा’ या अर्थाच्या नावाचे मुलांचे साप्ताहिक सुरू केले. मुलांसाठी मोठ्यांनी लिहिलेल्या गोष्टी त्यात नव्हत्या. पोलंडभरच्या मुलांनी पाठविलेल्या बातम्या व पत्रे होती. भावंडांची भांडणे, शिक्षकाचा अन्याय, रस्त्यात ज्यू म्हणून झालेली हेटाळणी, सारे एकाच गांभीर्याने छापले जाई. १९३० पासून इगोर नेवेर्ली संपादक झाला. शेवटचा अंक निघाला तो शुक्रवार, १ सप्टेंबर १९३९ रोजी. त्याच पहाटे जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले. त्या अंकासाठी ज्यांनी मजकूर धाडला त्यांस हे ठाऊक नव्हते, आणि आज तो अंक वाचणाऱ्यास तेवढेच एक ठाऊक असते. वाचक आणि लेखक यांच्यामधील हे अंतर कोणत्याही क्रमिक पुस्तकास दाखविता येणार नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये कोर्चाक आणि त्याच्या आश्रमातील मुले ट्रेब्लिंकाला नेली गेली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात, चेक प्रदेशातील तेरेझीनच्या ज्यू वस्तीत कोंडलेल्या तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी ‘वेदेम’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. शाळा भरविण्यास तेथे बंदी होती. अंकाची प्रत एकच; दर शुक्रवारी सायंकाळी ती मोठ्याने वाचावयाची. आरंभी अंक टंकलिखित असे. फीत संपल्यावर हाताने लिहू लागले. संपादक पेत्र गिन्झ चौदा वर्षांचा. वस्तीतील भटकंतीची एक वृत्तमालाच तो लिही. बेकरीत जाई, अग्निशामक दलाकडे जाई, प्रसूतिगृहात जाई, शवदाहगृहातही गेला. तेथील माणसांना विचारून काम कसे चालते ते टिपून आणी. रडगाणे नाही, विशेषणांची गर्दी नाही. सप्टेंबर १९४४ मध्ये त्यास आउश्वित्झला पाठविण्यात आले व तेथे त्याचा अंत झाला. मागे राहिलेल्या झ्देनेक तौसिग या मुलाने ‘वेदेम’ची सुमारे ८०० पाने लोहारखान्यात पुरून ठेवली आणि मे १९४५ मध्ये सुटका झाल्यावर उकरून बरोबर नेली. बेकरीचा आणि शवदाहगृहाचा वृत्तांत त्याच पानांत आहे.