चांगलं गाणं कोण ठरवतं?

परवा बचत गटाची बैठक संपल्यावर एका ताईंना म्हटलं, "जात्यावरची एखादी ओवी म्हणा की." त्या लाजून म्हणाल्या, "आमची कसली गाणी! रेडिओवर लागतात ती खरी गाणी." घरी जाताना ते बोलणं मनातून जाईना. कारण याच रेडिओने एके काळी लोकांच्या आवडत्या गाण्यांना दार बंद केलं होतं. आज तीच हकिगत सांगते.

१९५२ साली डॉ. बा. वि. केसकर देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते मराठी, विद्वान आणि शास्त्रीय संगीताचे भोक्ते. सिनेमाची गाणी उथळ आहेत, लोकांचा कान बिघडवतात, असं त्यांचं मत. आकाशवाणीने ही गाणी कमी केली. सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, म्हणून तेही बंद केलं. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी देणंच थांबवलं. वर्ष संपेपर्यंत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली.

भजनात वाजते ती आपली पेटी, तिलाही १९४० पासून आकाशवाणीवर बंदी होती. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पेटीतून निघत नाही, शिवाय वाद्य परकं, असं जाणकार म्हणत. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. गावोगावच्या भजनात मात्र पेटी वाजतच राहिली.

लोकांनी काय केलं? मोर्चा नाही काढला, रेडिओची खुंटी फिरवली. रेडिओ सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, १९५२ मध्येच 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानी ती मुंबईत ध्वनिमुद्रित करत आणि टेप कोलंबोला जात. आपली गाणी समुद्र ओलांडून परत आपल्याच घरी येत! श्रोत्यांची हजारो पत्रं येऊ लागली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली आणि सिनेमाची गाणी परत आली.

केसकरांच्या काळात सगळं वाईटच झालं, असं मात्र नाही. सिनेमाच्या गाण्यांना पर्याय म्हणून सुगम संगीताला बळ मिळालं. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' सुरू झालं. त्यातली ५६ गाणी घराघरांत पोचली. चूक एवढीच, की आपली आवड तीच चांगली आणि दुसऱ्याची ती हलकी, असं वरच्यांनी ठरवून टाकलं.

पिएर बूर्दिय नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने हेच मांडलं. आवड नुसती मनातून येत नाही. घर, शिक्षण, पैसा यांतून ती घडते. आणि 'आमची आवड उच्च' म्हणत काही माणसं स्वतःला इतरांपेक्षा वरचढ ठरवतात. म्हणून गाण्याचा इतिहास वाचताना कोण गायलं एवढंच पाहू नये. कुणाला गाऊ दिलं नाही आणि ते कुणी ठरवलं, हेही विचारावं.

ताईंच्या ओवीला हलकं कुणी ठरवलं? कुठल्या मंत्र्याने नव्हे. ऐकून ऐकून आपणच ते मानलं. तेव्हा पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटली की प्रत्येकीने आईची किंवा सासूची एक ओवी म्हणायची, दुसरीने ती लिहून घ्यायची. खाली म्हणणारीचं नाव मात्र विसरू नका.