रोशा ज्वारीत होता का?

मागच्या वर्षी मंडळात वाचलेल्या टिपणात मी एक वाक्य ठोकून दिलं होतं : खानदेशात पूर्वी ज्वारीत रोशा गवताचं आंतरपीक घेत. आधार काय, तर आजोबांची आठवण, तीही मामांकडून ऐकलेली. ते वाक्य आज मागे घेतो.

इथे कोसाडला आमच्या शेजारात तापीच्या वरच्या अंगाची, नंदुरबार-शिरपूरकडची बरीच घरं आहेत. रोशाचं तेल म्हटलं की त्यातल्या म्हाताऱ्यांना गुडघे आठवतात. सांधेदुखीवर ते चोळत. जुन्या व्यापाराला मात्र गुडघ्यांशी कर्तव्य नव्हतं. तेलाला वास गुलाबासारखा, म्हणून ते मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांकडे, तिथून तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई. युरोपात नाव पडलं ‘तुर्की जिरेनियम’! माल पिंपळनेर भागातला, नाव तुर्कांचं.

माझं चुकलं कुठे? भट्टीचा विचारच केला नाही. बॉयलर-कंडेन्सरवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे शोभत नाही. शंभर किलो ताज्या गवतातून जेमतेम अर्धा किलो तेल सुटतं. एवढे भारे गावात वाहून आणणार कोण? म्हणून भट्टीच गवताकडे जायची. ओढ्याकाठी देग, तिच्यातून बांबूची नळी, आणि वाफ निवायला दुसरं भांडं पाण्यात बुडवलेलं. सरपण रानातलं, गवतही रानातलं. आपोआप उगवणाऱ्या गवताला ज्वारीची जमीन कोण देईल? शिवाय तेल भरतं फुलोऱ्यात, पाऊस सरताना. तेव्हा ज्वारी दाण्यात असते आणि घरची माणसं गोफण घेऊन पाखरं राखत असतात.

पुढे १८७८च्या वन कायद्यानं रानातलं गवतही वनोपजात धरलं. राखीव रानात कापायचं तर परवानगी आली.

मग आजोबा खोटं बोलले का? मामांना परत फोन केला. म्हणाले, “भाचेबुवा, वावरात नव्हता हो, बांधावर होता. जून झाल्यावर ढोरं तोंड लावत नाहीत, म्हणून राहिला.” बांधावरचं गवत मीच वावरात नेऊन लावलं होतं.

खरं आंतरपीक अलीकडचं, लखनौच्या सीमॅपसारख्या संस्थांच्या काळातलं (ती १९५९ साली वेगळ्या नावानं सुरू झाली). त्यामागचं गणित साधं आहे. रोशा पहिल्या वर्षी हळू वाढतो, ओळींत दोनेक फूट जागा मोकळी राहते. तिथे ज्वारी किंवा तूर घ्यायची. धान्याचे पैसे पहिल्याच हंगामात हातात येतात, तोवर गवत मूळ धरतं. नंतर ते पसरतं आणि काही वर्षं कापणी देत राहतं. भट्टी जवळ हवी, ही अट मात्र जुनीच.

मामांना विचारलं, तुमच्याकडे जवळची भट्टी कुठे? ते नुसते हसले.

जुन्या टिपणातलं ते वाक्य तेवढं खोडावं, ही विनंती.