‘थिंग’ : सभा आणि वस्तू

इंग्रजीतील ‘थिंग’ या शब्दाइतका पोकळ शब्द क्वचितच आढळेल. जिचे नाव आठवत नाही अशा कोणत्याही वस्तूसाठी तो चालतो. नॉर्वेजियन भाषेत मात्र ‘टिंग’ म्हणजे वस्तू, आणि ‘टिंग’ म्हणजे सभाही. नॉर्वेच्या संसदेचे ‘स्टूर्टिंग’ हे नाव ‘मोठी सभा’ या अर्थाचे आहे. जर्मन व डच ‘डिंग’ हे याच शब्दाचे भाऊबंद होत. या दोन अर्थांपैकी सभेचा अर्थ अधिक जुना, याविषयी संशयास फारशी जागा नाही. सातव्या शतकातील केंटच्या कायद्यांत हा शब्द न्यायसभेसाठीच आला आहे. त्याहूनही प्राचीन पुरावा ब्रिटनमधील हेड्रियनच्या भिंतीवर मिळतो. तेथे हाउसस्टेड्स येथे १८८३ साली सापडलेल्या, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील लेखांत जर्मनिक सैनिकांनी ‘मार्स थिंक्सस’ या देवाचे नाव कोरविले आहे. हा सभेचा अधिष्ठाता देव, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो.

गॉथिक भाषेतील ‘थीह्स’ म्हणजे काळ, हा शब्द याचाच सगोत्र मानतात. तेव्हा ‘नेमलेली वेळ’ हा मूळ अर्थ असावा. टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारास लिहिले आहे की, जर्मनिक लोक अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास, ठरलेल्या दिवशी एकत्र जमत. त्याने ‘थिंग’ हा शब्द दिलेला नाही. पण त्याचे वर्णन या व्युत्पत्तीशी चांगले जुळते.

नेमल्या दिवसाची सभा, सभेपुढील वाद, वादाचा विषय, कोणताही विषय आणि अखेर कोणतीही वस्तू, असा हा अर्थविस्तार होय. मधल्या पायऱ्या अद्याप पुसल्या गेलेल्या नाहीत. डच ‘खेडिंग’ म्हणजे खटला. जर्मन ‘फेरटायडिगेन’ (बचाव करणे) हे क्रियापद तर ‘न्यायसभेचा नेमलेला दिवस’ या अर्थाच्या जुन्या समासातून निघाले आहे. आइसलँडमध्ये ९३० च्या सुमारास थिंगव्हेट्लिर येथे भरू लागलेली ‘आल्थिंग’ १८०० साली बरखास्त झाली आणि १८४५ मध्ये पुन्हा भरली. आज तीच त्या देशाची संसद आहे.

हा प्रकार केवळ जर्मनिक नव्हे. लॅटिन ‘काउसा’ म्हणजे कारण वा खटला. त्यापासून फ्रेंच ‘शोज’ आणि इटालियन ‘कोझा’ हे वस्तुवाचक शब्द आले. मराठीतील ‘गोष्ट’ही येथे आठवते. संस्कृत ‘गोष्ठी’ म्हणजे सभा, संभाषण. तिच्यामागे ‘गोष्ठ’, म्हणजे गोठा. ‘थिंग’शी या शब्दाचे नाते काहीच नाही. शिवाय त्याची वाट न्यायासनापुढून न जाता गप्पांच्या बैठकीतून गेली. म्हणूनच मराठीत ‘गोष्ट’ म्हणजे बाब, आणि ‘गोष्ट’ म्हणजे कथाही. ‘थिंग’ला हा दुसरा अर्थ कधी लाभला नाही.