तेंदूच्या पानाचं हॉटेल

आमचा भाचा आर्किटेक्ट आहे. म्हणजे चांगली घरं पाडायचे पैसे घेतो. सध्या त्याच्याकडे गोंदियातल्या एका हॉटेलाचं काम आलं आहे.

"मामा, 1999 साली आपला जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. मग हॉटेलात आपलं वेगळेपण दिसायला नको?"

आता काय सांगावं! गावाचं नाव गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडलं असं जुनी मंडळी सांगतात. रानातला डिंक आणि लाख इथे विकायला येई. पण डिंकाच्या हॉटेलात टेकलेलं गिऱ्हाईक पुन्हा उठायचं कसं?

मग विडी निघाली. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने इथला मीटरगेज मार्ग रुंद केला. पुढे जबलपूरची छोटी गाडीही गोंदियाला येऊन मिळाली. रानातलं तेंदूपान, गुजरातेतला तंबाखू आणि घराघरातली बोटं, एवढ्यावर धंदा उभा राहिला.

भाचा खूश! दर्शनी भिंतीला तेंदूच्या पानांची जाळी काढली आणि खाली पाटी: 'धूम्रपान निषिद्ध'. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी बंदीच आहे, तो तरी काय करणार? पानाला मानाची जागा, विडी मात्र फाटकाबाहेर!

नकाशा आईला दाखवला. तिने विड्या वळून मला बी.ए. केलं. रात्री पानं भिजवायची, सकाळी पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. कारखान्यात मोजून घेणारा मनास येईल ती विडी 'छाट' म्हणून बाजूला टाकी. तिचे पैसे नाहीत आणि विडीही परत नाही. 1966 साली विडी कामगारांचा कायदा झाला, पण आईची छाट काही सुटली नाही. छाट जास्त गेली की त्या रात्री ती बोलत नसे, एवढंच मला आठवतं.

आईने चष्मा चढवला. जाळीतल्या एकेका पानावरून बोट फिरवलं.

"हे पान जाड शिरेचं आहे बाबू. वळाले घेतलं तं फाटते."

आणि कागद बाजूला सरकवून म्हणाली, "छाट!"

भाचा आता नवा नकाशा काढतो आहे. पहिल्याचे पैसे नाहीत, आणि कागदही आईने परत दिलेला नाही.