प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर

२००३ साली, मराठीचे एम. ए. चालू असताना, विभागातील जुन्या हस्तलिखितांची सूची संगणकावर आणावी अशी टूम आमच्या मित्रमंडळात निघाली. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मिळालेले पीएचपी या भाषेचे एक पुस्तक समोर ठेवून पहिला धडा अक्षरशः उतरवून घेतला. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, पुढे 'नाव', मग बरोबरीची खूण आणि आपले नाव लिहिले की पानाने 'नमस्कार, अमुक' असे म्हणायचे होते. पानाने नमस्कार केला, स्वल्पविरामही दिला. पुढची जागा मात्र कोरीच. आठवडाभर आम्ही त्या कोऱ्या जागेत स्वतःची चूक शोधत राहिलो. पुस्तक छापले गेल्यानंतर त्या भाषेचा एक नियम बदलला होता, हे फार उशिरा कळले.

त्या नियमाची हकिकत सांगायची तर प्रश्नचिन्हापासूनच आरंभ करावा लागतो. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात वेबची उभारणी केली, तेव्हा तीवर अगदी आरंभी आलेल्या गोष्टींत केंद्राची दूरध्वनी-निर्देशिका होती. निर्देशिका कोणी सलग वाचत नाही. तीत शोधायचे असते. म्हणून १९९१ च्या सुमारास असा संकेत पडला की पत्ता संपला की प्रश्नचिन्ह द्यावे आणि पुढे शोधाचे शब्द लिहावेत, मधल्या मोकळ्या जागांऐवजी अधिकाची खूण घालून. आपल्याकडे विरामचिन्हे रुळली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या वळणाने. त्याचे श्रेय सहसा मेजर कँडी यांना दिले जाते. त्या वळणात प्रश्नचिन्ह प्रश्न मिटवते. येथे ते प्रश्न उघडते. (स्पॅनिश लिपीत आरंभीही उलटे प्रश्नचिन्ह असते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.)

शोधाचे शब्द पानापर्यंत पोचले, तरी ते घेऊन काम करणार कोण? १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात 'कॉमन गेटवे इंटरफेस', म्हणजे सीजीआय, हा करार सिद्ध झाला. प्रश्नचिन्हापुढचा सारा मजकूर सर्व्हरने जसाच्या तसा 'क्वेरी स्ट्रिंग' या नावाच्या पेटीत घालावा आणि स्क्रिप्टच्या हाती द्यावा, एवढेच त्याचे मर्म. पुढचा पदच्छेद स्क्रिप्टने करायचा. '?नाव=केशव&गाव=सातारा' असा मजकूर आला, तर '&' पाशी तोडून जोड्या कराव्यात, '=' पाशी तोडून नाव आणि मूल्य वेगळे करावे, अधिकाच्या खुणेची पुन्हा मोकळी जागा करावी, आणि टक्क्याच्या खुणेने झाकलेली अक्षरे शेवटी उकलावीत. हा क्रम मोडून चालत नाही. कोणी मूल्यातच '&' लिहिले असेल तर ते टक्क्याच्या सांकेतिक रूपात येते; ते आधी उकलले तर तोडण्याची खूण आणि मजकुरातली खूण यांत भेद उरत नाही. संधी सोडवण्याआधी पदे चुकीची पाडल्यावर श्लोकाचे जे होते, तेच येथे होते.

हे काम त्या काळी बहुधा पर्ल भाषेत होई. तिचा कर्ता लॅरी वॉल भाषाविज्ञानाचा अभ्यासक होता, हा योगायोग साहित्याच्या विद्यार्थ्याला सुखावणारा आहे. देवनागरीचे हाल मात्र सुखावणारे नाहीत. पत्त्यात रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हेच चालत. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि प्रत्येक बाइटासाठी टक्क्याची खूण व दोन अंकाक्षरे. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे. पत्त्यात त्यांची पंचेचाळीस होतात.

वाचकाचा मजकूर जसाच्या तसा स्वीकारण्याचे परिणाम लवकरच दिसले. एनसीएसएच्या सर्व्हरबरोबर नमुन्यादाखल 'पीएचएफ' नावाची एक स्क्रिप्ट दिली जात असे. गंमत अशी की तीही निर्देशिकेत माणसे शोधण्यासाठीच होती. आलेल्या मजकुरातील धोकादायक चिन्हे ती निष्प्रभ करी, पण एक चिन्ह कर्त्याच्या नजरेतून सुटले: नवी ओळ. नाव लिहून, ओळ मोडून, पुढच्या ओळीत संगणकाला आज्ञा लिहिली की ती पाळली जाई. १९९६ मध्ये तिच्याविषयी जाहीर इशारा निघाला, तोवर पासवर्डांच्या फायली परक्यांच्या हाती गेल्या होत्या. ओळ कोठे मोडावी हा प्रश्न कवितेबाहेरही किती महाग पडू शकतो!

पीएचपी १९९५ मध्ये लोकांसमोर आली. पदच्छेदाचा खटाटोप तिने नवशिक्याच्या डोक्यावरून उतरवला. 'रजिस्टर ग्लोबल्स' या सोयीने पत्त्यातले 'नाव' स्क्रिप्टमध्ये आपोआप त्याच नावाचे चल होऊन अवतरे. आमच्या पुस्तकातला धडा या सोयीवर उभा होता. तिच्यातली मेख अशी: पासवर्ड बरोबर आला तरच 'अधिकृत' या चलाला १ ही किंमत द्यावी, असे कर्त्याने लिहिले, पण आरंभी त्याला शून्य करायचे राहून गेले. मग पत्त्यात '?अधिकृत=१' असे लिहिणारा कोणीही दार उघडून आत. नाटकातील पात्रांची यादी प्रेक्षकाने लिहावी, तसा हा प्रकार. डिसेंबर २००१ मध्ये बाहेरून आलेल्या मजकुरासाठी 'गेट' नावाची वेगळी पेटी आली, एप्रिल २००२ मध्ये ती सोय मुळात बंद ठेवली जाऊ लागली, आणि २०१२ मध्ये भाषेतून काढून टाकली गेली. सोय गेली तेव्हा असंख्य चालू पाने मुकी झाली. शिकणाऱ्यांच्या हाती मात्र जुनीच पुस्तके राहिली. तरीही हा निर्णय योग्यच होता असे मला वाटते. कोणता शब्द लेखकाचा आणि कोणता बाहेरून आलेला, हे संहितेतच दिसले पाहिजे, ही पाठचिकित्सेचीही पहिली अट आहे.

आम्ही त्या ओळीत 'गेट' घातले आणि नाव उमटले. आनंद दहा मिनिटे टिकला. एका मित्राने नावाच्या जागी आपले नाव ठळक करण्याच्या खुणांसह लिहिले, आणि पानाने त्याला ठळक अक्षरांत नमस्कार केला. फेब्रुवारी २००० मध्येच या प्रकाराविषयी इशारा निघालेला होता: ठळकपणाच्या जागी स्क्रिप्टही लिहिता येते. आलेला मजकूर छापण्यापूर्वी त्यातील खुणा निष्प्रभ कशा कराव्यात, हे त्या पुस्तकात कोठेच नव्हते. सूचीचे काम आणखी एक सत्र लांबले.