मागचं दिसतंय का?

मंडळी, गाडीला मागे डोळा बसवायची कल्पना काही आजची नाही. १९५६ साली ब्यूइक सेंच्युरियन या प्रदर्शनातल्या गाडीत आरशाऐवजी चक्क टीव्ही कॅमेरा होता! विकत मिळणाऱ्या गाडीत तो आला १९९१ मध्ये, जपानच्या टोयोटा सोआररमध्ये.

कायदा मात्र एका पोराच्या जीवावर झाला. २००२ मध्ये न्यूयॉर्कजवळ एका डॉक्टर बापाने घरासमोर गाडी रिव्हर्स घेतली, मागे त्याचाच दोन वर्षांचा कॅमेरून होता. २००८ मध्ये त्याच्या नावाने कायदा आला. तरी तिथल्या प्रत्येक नव्या कारला कॅमेरा सक्तीचा व्हायला मे २०१८ उजाडलं. आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या कारला मागचे सेन्सर सक्तीचे झाले.

मग जुन्या गाड्यांचं काय? सोलापूर-हैदराबाद हायवेवरच्या आमच्या जळकोटात पोरं अंगणात खेळतात आणि मामा तिथेच गाडी मागे घेतात. गाडीत कंपनीचा स्क्रीन होता, कॅमेरा नव्हता. म्हणून मी इंटरफेस बसवला. तत्त्व साधं: हा डबा स्क्रीन आणि त्याला चित्र पुरवणाऱ्या युनिटच्या मध्ये बसतो. रिव्हर्सच्या दिव्याच्या तारेत १२ व्होल्ट आले, की गाण्यांचं चित्र बाजूला सारून कॅमेऱ्याचं दाखवतो. काही गाड्यांत हीच खबर कॅन बसवरून मिळते, जी बॉशने १९८६ मध्ये जगापुढे मांडली.

कायदा फक्त नव्या गाड्या बघतो, अंगणात जुन्याही असतात. असो. कॅमेरा लावाच, पण गाडी काढण्याआधी एकदा मागे चक्करही मारा. बंपरखालचं पोर आरशात दिसत नाही.